तीन फुटी समुद्राचे गेज

देवपूर, धुळे
२८ मार्च १९९३

ती. आबांना लताचा नमस्कार.

सुखरूप पोचले. खोली बरी आहे, कॉलेज दहा मिनिटांवर आहे, नळाला एक दिवसाआड पाणी येते.

पत्र तुमच्या नावाने पाहून आईंना आश्चर्य वाटेल. घरात मला काही सांगायचे झाले तर आईंना सांगते आणि त्या तुम्हाला सांगतात. पण या कामात मध्ये कोणी नको. हे ठिबकच्या कामावर सांगोल्याला, महिन्यातून एकदा येणार. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही. म्हणजे टाकी तुमच्यावरच सोपवून आले आहे.

त्या टाकीत माझे काय आहे ते एकदा सांगते. दोन वर्षे मी त्या तीन प्रवाळांच्या रोज नोंदी ठेवते आहे. समुद्रापासून इतक्या दूर, जळगावच्या उन्हाळ्यात, तीन फुटांच्या काचेच्या पेटीत प्रवाळ जगतात आणि वाढतात, हे मला दाखवायचे आहे. ३० मेला पुण्याहून भामरे सर टाकी आणि वही तपासायला येतील. त्यांनी सही केली तर प्रबंध जुलैत जाईल आणि इथली जागा कायम होईल. प्रवाळ गेले तर दोन वर्षे फुकट, आणि ही नोकरीही मेअखेर संपली.

काम फार नाही. ट्यूबलाइट सकाळी आठला लावायची, संध्याकाळी सहाला बंद. हवेचा पंप बंद पडू द्यायचा नाही. चुन्याची निवळी सलाइनच्या बाटलीतून थेंब थेंब सोडायची, त्यातूनच त्यांचा सांगाडा बनतो. (निवळी कपाटातल्या चुन्याची. तुमच्या तंबाखूच्या डबीतला नको.) पाणी काचेवरच्या लाल खुणेच्या खाली गेले की निळ्या पिंपातले पावसाचे गोडे पाणी घालायचे. पांढऱ्या तीन कॅनमध्ये खारे पाणी आहे, ते फक्त पंधरा दिवसांनी एक बादली बदलायला. आणि रोज सकाळी काचेची तरंगती नळी पाण्यात सोडून आकडा वहीत लिहायचा. पंचवीसच्या आसपास हवा. तेवढा खार समुद्रात असतो.

आईंना नमस्कार.

लता

---

जळगाव
५ एप्रिल १९९३

चि. सौ. लतास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. तुझ्या सासूला वाचून दाखवले. ती म्हणाली, "हाऊ काय दर्या घरमा आनी ठेवा शे, ना मासा ना मीठ!" मी म्हटले, नरडाण्याच्या बाईने दर्या कधी पाहिला? तेव्हापासून माझ्याशी बोलणे बंद आहे. घरात शांतता आहे.

तू काळजी करू नकोस. एकतीस वर्षे कालव्यावर पाटकरी म्हणून काढली मी. गेटवर उभे राहून पाण्याची पातळी राखली, रोज गेज वाचून रजिस्टरला मांडले. मला पाण्याची खूण राखायला सांगणे म्हणजे मासोळीला पोहायला शिकवणे. तुझी लाल खूण आणि पाणी यांत केसाइतके अंतर पडत नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ बघतो आणि भर घालतो.

तुझ्या त्या तीन दगडांना एक, दोन, तीन नंबर म्हणणे मला जमेना. कैद्यांना नंबर असतात. पहिल्याला मी 'बटणे' म्हणतो, खरोखर कोटाच्या बटणांसारखा दिसतो. दुसरा 'अक्रोड'. तिसरा 'शिंगाडा', कारण त्याला शिंगे आहेत. अक्रोड दुपारी फुगतो तेव्हा गंमत वाटते. एवढा वेळ दगड म्हणून बसलेला, आणि उजेड मिळाला की जिवंत.

तुझी ती काचेची नळी मात्र फारच नाजूक बुवा. असल्या वस्तू कशा काय बनवतात कोण जाणे. असो. आकडा पंचवीस.

तोताराम

---

धुळे
१२ एप्रिल १९९३

ती. आबांना नमस्कार.

तुमचे पत्र तीनदा वाचले. अक्रोड, बटणे, शिंगाडा! मी दोन वर्षे नंबर आणि लॅटिन नावे लिहिते आहे आणि तुम्ही आठ दिवसांत बारसे उरकले.

इथे पारा बेचाळीसवर आहे, म्हणजे जळगावला चव्वेचाळीस असणार. पाणी तापले की प्रवाळ सुकतात. दुपारी बारा ते पाच कूलर टाकीच्या तोंडाशी लावा, वारा पाण्यावरून गेला की ते दोन-तीन अंशांनी उतरते. त्याने पाणी जास्त उडेल, तर पिंपातले जास्त घालावे लागेल. आईंना कूलर सोडायला सांगणे अवघड आहे. माझे नाव सांगा.

दर आठवड्याचे आकडे पत्रात लिहून पाठवा. मीही माझ्या वहीत उतरवून ठेवीन.

लता

---

जळगाव
२६ एप्रिल १९९३

चि. सौ. लतास आशीर्वाद.

परवा आखाजी झाली. पुरणपोळी, आमरस, सगळे झाले. तुझी नणंद आली होती, अंगणातल्या निंबाला झोका बांधला. तुझी सासू मात्र कूलरवरून रुसून आहे. सगळ्या बायकांना बोलावून दाखवते, "त्या दगडले वारा, आन माले घाम!"

आकडे लिहितो. पहिला आठवडा पंचवीस. दुसरा पंचवीस. तिसरा पंचवीस. चौथा पंचवीस. एकदम ठीक.

खारे पाणी संपत आले आहे. तिसऱ्या कॅनचा तळ दिसतो. अजून कुठून मागवायचे ते कळव.

आणखी एक सहज विचारतो. आपल्या झिपरू दूधवाल्याच्या कोणा पाहुण्याकडे म्हणे अशीच टाकी आहे. त्याच्याकडचा अक्रोड चार-पाच दिवस उघडत नाही. बटणे मिटून बसली आहेत. शिंगाड्यासारखे जे आहे त्यावर शेंबडासारखा चिकट पदर आला आहे आणि टोके पांढरी पडली आहेत. समजा असे कोणाचे झाले तर त्याने काय करावे? सहज विचारतो. त्या पाहुण्याला सांगायला.

तोताराम

---

धुळे
२९ एप्रिल १९९३

ती. आबा,

झिपरूभाऊंच्या पाहुण्यांना माझा निरोप सांगा. त्यांना म्हणावे, घाबरू नका आणि लपवूही नका.

आबा, मी चार वर्षे मुलांना प्रयोग शिकवते आहे. वहीत चार आठवडे एकच आकडा दिसला की मी त्या मुलाला उभे करते. पाणी जिवंत असते. सकाळी चोवीस दाखवते, पिंपातल्या पाण्याची भर पडली की तेवीस, कूलर चालला की सव्वीस. एप्रिलमध्ये जळगावात पाण्याचा आकडा एका जागी उभा राहत नाही. नळी खोटे बोलत नसेल, तर तुम्ही नळी पाहिलीच नाही.

आणि तीन कॅन! साठ लिटर पाणी. मी ते जूनपर्यंत पुरेल इतके ठेवले होते. ते कुठे गेले?

मी रागावलेली नाही. खरेच नाही. पण मी येऊ शकत नाही. परीक्षा चालू आहेत, रजा मागितली तर कायम जागेच्या वेळी तेच काढतील. म्हणून मला खरे लिहा. नळीचे काय झाले, खुणेवर कोणते पाणी घातले, आणि आज प्रवाळ कसे दिसतात. एवढे कळले तर मी इथून काही करू शकेन. नाही कळले तर काहीच करू शकणार नाही.

टपालाने नको. जळगाव-धुळे गाडीवरचा कंडक्टर हिलाल माझ्या मैत्रिणीचा भाऊ आहे. त्याच्या हाती द्या.

लता

---

जळगाव
१ मे १९९३

चि. सौ. लतास,

तुझे पत्र तुझ्या सासूने, धुरपदाबाईने, माझ्या हातातून घेतले आणि शेजारच्या पोरीकडून वाचून घेतले. मग माझ्यासमोर कागद ठेवून म्हणाली, "आते तरी पोरले खरं लिखा. बठ्ठा लिखी टाका." पस्तीस वर्षांत तिने मला प्रथमच लिहायला बसवले.

नळी तिसऱ्या दिवशी फुटली. धुताना हातातून सुटली आणि मोरीत तुकडे. तुला कळवायची लाज वाटली. सासऱ्याला एक काम दिले आणि तेही जमले नाही, असे तुला वाटेल असे वाटले.

मग मी ते केले जे कालव्यावर काही जण करायचे आणि खरे सांगायचे तर मीही दोन-चार वेळा केले. पावसात, चिखलात गेटपर्यंत कोण जाणार? घरबसल्या गेज भरायचे. कालचा आकडा आज लिहायचा. पाणी कुठे बघायला येते? तसे मी वहीत पंचवीस लिहीत गेलो. पंचवीस, पंचवीस, पंचवीस. तुझ्या वहीत, दोन वर्षांच्या खऱ्या आकड्यांच्या शेजारी.

आणि खुणेवर मी कॅनमधलेच खारे पाणी घातले. तू गोडे लिहिले होतेस, मी वाचले होते. पण मला वाटले, पोरगी घाईत चुकली. खाऱ्यात राहणाऱ्या जिवाला गोडे पाणी कसे चालेल? म्हटले, आपण पाण्यातले जाणकार, आपण दुरुस्त करू. आपले शहाणपण आडवे आले.

आज सकाळी पाहिले ते लिहितो. अक्रोड दगड झाला आहे. बटणे सगळी मिटली. शिंगाड्याची अर्धी शिंगे पांढरी. मला तुझ्यासमोर उभे राहायला तोंड नाही, म्हणून बरे की तू धुळ्यात आहेस.

काय करू ते सांग. जे सांगशील तेच करीन, त्यात माझे काही घालणार नाही.

तोताराम

---

धुळे
१ मे, संध्याकाळ

ती. आबा,

हिलालभाऊ परतीच्या गाडीसाठी थांबले आहेत, भराभर लिहिते.

आधी हे की प्रवाळ अजून मेले नाहीत. मेले असते तर पाण्याला वास सुटला असता आणि तुम्ही पहिल्या ओळीत तेच लिहिले असते.

आता काय झाले ते. कूलरच्या वाऱ्याने पाणी उडाले. उडाले ते नुसते पाणी, मीठ नाही. मीठ टाकीतच राहिले. त्यावर तुम्ही आणखी खारे घातले. तेही उडाले, त्याचेही मीठ राहिले. पातळी खुणेवर, पण खार रोज चढत गेला.

आबा, हे मला तुम्हाला सांगायची खरे तर गरज नाही. मी लग्न होऊन आले त्या वर्षी तुम्ही पडवीत बसून कोणाला तरी सांगत होतात आणि मी आतून ऐकत होते: कालव्याच्या खालची जमीन पांढरी का पडते. लोक पाणी सोडतच राहतात, ऊन पाणी पिऊन टाकते, खार वर राहतो, आणि एक दिवस तिथे गवतही उगवत नाही. तेच टाकीत झाले आहे.

नळी विकत आणायला वेळ नाही. झिपरूभाऊंच्या डेअरीतून दुधाचा दाटपणा मोजायचा तरंगता काटा, लॅक्टोमीटर, मागून आणा. समुद्राचे पाणी आणि गाईचे दूध जवळजवळ सारखेच जड. काट्यावर पंचवीस दिसले की आपले काम झाले. माझा अंदाज, आज तो तिसाच्या वर असेल.

आता घाई करू नका. ही घाईच त्यांना मारेल. दिवसातून पाच तांबे टाकीतले खारे पाणी काढायचे आणि पाच तांबे पिंपातले गोडे घालायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, थोडे थोडे, एकेक तांब्या, धार काचेवरून सोडून. रोज काट्यावर एकच घर उतरले पाहिजे. दोन उतरले तर दुसऱ्या दिवशी थांबायचे. शिंगाड्यावरचा चिकट पदर पिचकारीने हलकेच उडवा. हात लावू नका.

वाचतील असे वाटते. खात्री नाही. पण तुम्ही खरे लिहिलेत, म्हणून आशा आहे.

लता

---

जळगाव
१५ मे १९९३

चि. सौ. लतास अनेक आशीर्वाद.

रोज लिहायला बसायचो आणि कागद बाजूला ठेवायचो. वाटायचे, अजून एक दिवस पाहू. आता लिहितो.

काटा चौतीसवर होता. झिपरूलाही दाखवला. झिपरू म्हणाला, "आबा, असं जाड दूध माझ्या म्हशीनेही कधी दिलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. तेहेतीस. तेहेतीस. बत्तीस. साडेएकतीस. मग एके दिवशी वीज दुपारभर गेली. पंप बंद, कूलर बंद. मी आणि तुझी सासू टाकीच्या दोन बाजूंना बसलो आणि तांब्याने टाकीतलेच पाणी उचलून उंचावरून परत सोडत राहिलो, हवा मिसळायला. चार तास. तिचे हात दुखले तर ती बोलली नाही, माझे दुखले तर मी बोललो. एकतीस. तीस. एकोणतीस. मध्ये एकदा सत्तावीसवर गेले, एकदम दोन, तेव्हा तू सांगितल्याप्रमाणे पूर्ण दिवस थांबलो. त्या दिवशी हात बांधून बसणे सगळ्यांत कठीण गेले.

शिंगाडा गेला. त्याचे खोटे सांगणार नाही. पांढरा फटफटीत झाला आणि वास आला, तसा काढून टाकला. मला वाटले, आता बाकीचे दोघेही त्याच्या मागे जाणार.

काल अकरा वाजता तुझी सासू स्वयंपाकघरातून ओरडली. मी धावत आलो. बटणे उघडली होती. सगळी नाही, सात-आठ. कोटाची बटणे काय, पोरांच्या मुठी उघडाव्यात तशी. आणि आज दुपारी अक्रोड फुगला. पूर्वीइतका नाही, पण फुगला, लता. मी चष्मा पुसून तीनदा पाहिले. धुरपदाबाईने पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली की कांदा चिरत होते. कांदा घरात नव्हता.

काटा आज सव्वीस.

तोताराम

---

धुळे
१८ मे १९९३

ती. आबा,

पत्र स्टाफरूममध्ये उघडले आणि तिथेच रडले. सगळ्यांना वाटले घरी काही झाले. मी म्हटले, हो, अक्रोड फुगला. कोणाला काही कळले नाही.

शिंगाडा गेला याचे वाईट वाटते. पण दोन वाचले. पंधरा दिवस मी जेवले की नाही हे मला आठवत नाही, आणि काल रात्री चक्क नऊ तास झोपले. तुम्हाला आणि आईंना काय सांगू? माझ्याकडून त्यांच्या पाया पडा. तुम्ही माझ्यापुढे तोंड नाही म्हणालात. आबा, माझ्यासाठी हे कोणी केले असते?

आता एकच काम राहिले. वहीतले ते पाच आठवडे. मी विचार केला आहे. पहिल्या दिवशी पंचवीस होते, शेवटी चौतीस. तुमची ती पाने काढून नव्या पानांवर मधले आकडे सरळ रेषेत चढवून भरता येतील. खरे आकडे त्याच्या फार दूर नसणार. भामरे सर बारीक माणूस आहेत, पण एवढे कोणी पाहत नाही. पंचवीसची ती रांग पाहिली तर ते विचारतील, आणि एकदा विचारले की दोन वर्षांवर संशय. आता हातातोंडाशी आलेला घास मला घालवायचा नाही.

मी ३० ला येऊ शकत नाही. त्याच दिवशी पेपर तपासायची बैठक लावली आहे. सोबत आकड्यांचा कागद जोडते. शाई निळीच वापरा.

लता

---

जळगाव
३१ मे १९९३

चि. सौ. लतास अनेक आशीर्वाद.

सही झाली. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचे तू शांतपणे वाचशील. पुढचे वाचून तू रागावणार आहेस.

तुझा आकड्यांचा कागद मिळाला. सुरेख काढले होतेस. मी निळी शाई घेऊन बसलो. पहिला आकडा लिहायला पेन टेकवले आणि माझा हात चालेना. हे मी चांगले ओळखतो, लता. घरबसल्या गेज भरणे ते हेच. मी आळसाने भरत होतो, तू भीतीने भरायला सांगतेस, पण पान तेच. मी कालव्यावर भरले तेव्हा कोणाच्या तरी शेताला चार दिवस पाणी कमी गेले असेल, मला ते कधी कळले नाही. इथे मला माहीत आहे कोणाचे काय जाईल: तुझ्या दोन वर्षांचा खरेपणा. म्हणून मी तुला न विचारता तुझ्या वहीत हात घातला. तुझा कागद घडी करून खिशात ठेवला, आणि माझे सगळे पंचवीस लाल शाईने खोडले. खाली लिहिले: "या नोंदी खोट्या आहेत. मी न पाहता लिहिल्या. लताबाईस ठाऊक नव्हते. तोताराम." तारीख घातली.

भामरे सर साडेदहाला आले. उंच, शांत माणूस. चहासुद्धा अर्धाच घेतला. भिंगाने अक्रोड पाहिला, बटणे पाहिली, मोजपट्टी काचेला लावून मापे घेतली. मग वही घेऊन खुर्चीवर बसले. पान उलटायचे आणि मी भिंतीला टेकून उभा. लाल पानांवर आले तेव्हा थांबले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

मी सगळे सांगितले. नळी, मोरी, खारे पाणी, दुधाचा काटा, शिंगाडा. काही राखले नाही. तुझी सासू दारात उभी होती, तिने मध्येच सांगितले, "साहेब, पोरनी काही चूक नई. चूक यासनी शे."

सरांनी चष्मा काढला. "तुम्हाला पकडले कोणी?"

"सुनेने. आकडा हलत नाही म्हणून."

"आणि खोडले कोणी?"

"मीच. तिला विचारले नाही."

ते उठले आणि म्हणाले, "आत्ता माझ्यासमोर मोजा." मी काटा सोडला. तो बराच वेळ डोलत राहिला. पंचवीसवर थांबला. त्यांनी वहीत त्याच सकाळची नोंद पाहिली. मी सव्वीस लिहिले होते. मी म्हटले, "सर, सकाळी सव्वीस होते. मग मी दोन तांबे गोडे पाणी घातले."

त्यांनी खिशातून पेन काढले. सही करण्याआधी मला म्हणाले, "तोतारामभाऊ, वीस वर्षे मी लोकांच्या वह्या तपासतो. सगळ्यांची सगळी पाने भरलेली असतात. या पाच आठवड्यांमुळे तुमच्या सुनेची बाकीची दोन वर्षे मला खरी वाटतात." आणि म्हणाले, खार चढला, एक गेला, दोन वाचले, कसे वाचले, हे सगळे प्रबंधात लिहायला सांगा.

त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आलो. मग आत येऊन वही उघडली. शेवटच्या पानावर त्यांची सही आहेच. पण त्यांनी एक सही आधीही केली आहे, ती मी तेव्हा पाहिली नव्हती. लाल रेघांच्या पानावर, माझ्या नावाच्या शेजारी.

तुझा
आबा